घरच्या कढईत फ्राइड चिकन : पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

फ्राइड चिकन घरी पहिल्यांदा करणाऱ्याची फजिती बहुधा ठरलेली असते. आवरणाचा रंग बदामी ओलांडून काळपटाकडे गेलेला असतो आणि तंगडीचा घास घेतल्यावर हाडाजवळचे मांस गुलाबी, रबरासारखे, कच्चे निघते. माझ्या पहिल्या घाण्याचे असेच झाले होते. तेल भज्यांसाठी तापवतात तसे कडकडीत तापवले होते, तुकडे फ्रीजमधून काढून थेट त्यात सोडले होते, आणि पाच मिनिटांत छान रंग आला म्हणून समाधानाने ताटात काढून ठेवले होते. पाहुणे बाहेर बसलेले असताना ते तुकडे सोलून, मांस काढून त्याचा रस्सा करावा लागला.

चूक कृतीत नव्हती, समजुतीत होती. भजे दोन-तीन मिनिटांत आतपर्यंत शिजते. तंगडीत मात्र हाडाभोवती मांसाचा जाड थर असतो आणि तिथपर्यंत उष्णता पोहोचायला बारा-चौदा मिनिटे लागतात. तेवढा वेळ बाहेरचे पीठ जळू न देता तेलात ठेवणे आणि आतला ओलावा आत राखणे हीच या पदार्थाची खरी अडचण आहे, आणि जगातले त्याचे बहुतेक प्रकार हे या एकाच अडचणीवर निरनिराळ्या लोकांनी काढलेले तोडगे आहेत. म्हणून आधी थोडा इतिहास सांगतो. तो कढईशी जोडलेला आहे.

हा पदार्थ कुठून आला

कोंबडी तळण्याची रीत कोणा एका देशाची नाही. ऑस्ट्रियातल्या व्हिएन्नामध्ये अठराव्या शतकापासून पावाच्या चुऱ्यात घोळवून तळलेले ‘बाकहेंडल’ खाल्ले जाते, आणि इंग्लंडमध्ये हॅना ग्लास यांच्या १७४७ सालच्या पाककृतींच्या पुस्तकातही तळलेल्या कोंबडीची कृती आहे. आज ‘फ्राइड चिकन’ म्हटल्यावर जो पदार्थ डोळ्यांसमोर येतो तो मात्र अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत घडला. त्याच्या उगमाविषयी नेहमी सांगितले जाते ते असे की, स्कॉटलंडहून आलेल्या वसाहतवाल्यांनी चरबीत तळण्याची पद्धत आणली आणि पश्चिम आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या लोकांनी मसाला आणला. ही वाटणी मला जरा जास्तच सुटसुटीत वाटते. पश्चिम आफ्रिकेत पामतेलात तळणे अपरिचित नव्हते, आणि दक्षिणेतल्या मोठ्या घरांमध्ये चुलीपुढे उभे राहून हा पदार्थ प्रत्यक्षात घडवणारे हात प्रामुख्याने गुलाम कृष्णवर्णीय स्त्रियांचे होते, हे त्या गोष्टीत नीट येत नाही.

व्हर्जिनियातल्या मेरी रँडॉल्फ यांच्या १८२४ सालच्या पुस्तकातली कृती जेमतेम चार ओळींची आहे. कोंबडीचे तुकडे करावेत, पिठात चांगले घोळवावेत, मीठ भुरभुरावे आणि भरपूर उकळत्या चरबीत फिकट बदामी तळावेत, तळण्याबद्दल एवढेच तिच्यात सांगितले आहे. ताक नाही, मसाल्यांची लांबलचक यादीही नाही. ‘फिकट बदामी’ हे शब्द मात्र ध्यानात ठेवावेत, कारण पुढे त्यांचा उपयोग आहे.

गुलामगिरीच्या काळात अनेक ठिकाणी गुलामांना गुरे-डुकरे पाळण्याची मुभा नसे, पण चार कोंबड्या पाळता येत. यादवी युद्ध १८६५ मध्ये संपल्यानंतर हीच कोंबडी अनेक स्त्रियांच्या स्वतंत्र कमाईचे साधन झाली. व्हर्जिनियातील गॉर्डन्सव्हिल या रेल्वे जंक्शनवर कृष्णवर्णीय स्त्रिया तळलेल्या कोंबडीची ताटे घेऊन फलाटावर उभ्या राहत आणि गाडीच्या खिडकीतून प्रवाशांना तुकडे विकत. तेव्हा गाड्यांमध्ये जेवणाचे डबे नव्हते. कर्जतच्या फलाटावरच्या बटाटावड्याची आठवण होईल असाच तो व्यवहार होता. पुढे, वंशभेदाच्या कायद्यांच्या काळात, ज्या कृष्णवर्णीय कुटुंबांना रस्त्यावरच्या खानावळीत बसू दिले जात नसे ती बुटांच्या रिकाम्या खोक्यात फ्राइड चिकन भरून प्रवासाला निघत, कारण ते गार झाले तरी खाता येते आणि दिवसभर टिकते. याच पदार्थाचा वापर करून त्यांची हेटाळणी करणारी व्यंगचित्रेही त्याच समाजात छापली गेली, त्यामुळे अमेरिकेत या विषयावर विनोद करताना आजही जपून बोलले जाते.

आणखी एक गोष्ट स्वयंपाकाशी थेट संबंधित आहे. तळण्यासाठी कोवळी कोंबडी लागते. म्हातारी कोंबडी रश्श्यात तासभर शिजवता येते, तेलात नाही. त्यामुळे दुसऱ्या महायुद्धाआधी फ्राइड चिकन हा मुख्यतः वसंत-उन्हाळ्यातला, रविवारचा आणि पाहुण्यांसाठीचा बेत होता. मांसासाठी वाढवलेली, जेमतेम सहा आठवड्यांची ब्रॉयलर कोंबडी वर्षभर मिळू लागली, तेव्हा तो रोजचा पदार्थ झाला.

हारलँड सँडर्स यांचे नाव इथे येते. केंटकी राज्यातील कॉर्बिन येथे ते पेट्रोलपंपालगत खानावळ चालवत होते. तव्यात कोंबडी तळायला अर्धा तास लागे आणि गिऱ्हाईक तेवढे थांबत नसे, म्हणून १९३९ च्या सुमारास त्यांनी दाबाखाली तळण्याचा मार्ग शोधला. त्यांच्या कृतीवर चालणारे पहिले परवानाधारक दुकान १९५२ मध्ये सॉल्ट लेक सिटीजवळ निघाले, आणि त्यांची ‘केएफसी’ (केंटकी फ्राइड चिकन) ही साखळी भारतात १९९५ मध्ये बंगळूरला आली. हे वाचून कोणी घरच्या प्रेशर कुकरमध्ये तेल घालून तळायला जाईल, म्हणून स्पष्ट लिहितो: ते कधीही करू नये. घरगुती कुकरची शिटी, रबर आणि झडप पाण्याच्या वाफेसाठी केलेली असतात, १७० अंशांच्या तेलासाठी नाहीत. झाकण उसळले तर होणारी इजा आयुष्यभराची असते.

कोंबडी कशी मागावी

चिकनवाल्याला काही न सांगता एक किलो चिकन मागितले तर तो करी कट देतो, म्हणजे रश्श्यासाठीचे बारके तुकडे. त्यात हाडांच्या कपच्या असतात, तुकडे एकसारखे नसतात आणि तळताना निम्मे कोरडे पडतात. म्हणून साफ केल्यावर ९०० ग्रॅम ते १ किलो भरेल अशी लहान कोंबडी निवडावी आणि तिचे मोठे तुकडे करून घ्यावेत: २ तंगड्या, २ मांड्या, २ पंख आणि छातीचे ४ तुकडे. पाठ आणि मान स्टॉकसाठी बाजूला ठेवावी. दीड किलोपेक्षा मोठ्या कोंबडीची तंगडी इतकी जाड असते की नवशिक्याला ती साधत नाही.

आपल्याकडे कोंबडी सहसा कातडी सोलून देतात, तेव्हा ‘विथ स्किन पाहिजे’ असे आधीच सांगावे लागते. कातडीतली चरबी तळताना वितळते आणि पिठाचे आवरण तिला घट्ट धरते. कातडी नको असेल तरी पदार्थ होतो, फक्त आवरण सुटण्याची शक्यता वाढते. त्यावरचा उपाय पुढे आहे.

धुण्याबद्दल दोन शब्द लिहिणे भाग आहे. कच्ची कोंबडी नळाच्या धारेखाली धुतली की तिच्यावरचे जंतू शिंतोड्यांबरोबर सिंक, ओटा आणि शेजारी निथळत ठेवलेल्या भांड्यांपर्यंत पोहोचतात. ताज्या कापलेल्या कोंबडीला रक्त आणि पिसांचे कण लागलेले असतात, त्यामुळे न धुता शिजवा हा सल्ला आपल्याकडे कोणाला पटत नाही. मधला मार्ग असा की, पातेल्यात पाणी घेऊन तुकडे त्यात हलकेच बुडवून काढावेत, पाणी सावकाश ओतावे आणि नंतर सिंक व हात साबणाने धुवावेत. त्यानंतर प्रत्येक तुकडा स्वच्छ कापडाने किंवा कागदाने टिपून कोरडा करावा. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग मसाला पाणचट का झाला याचे आश्चर्य करतात.

मुरवणे

अमेरिकेतल्या कृतींमध्ये ‘बटरमिल्क’ लिहिलेले असते. तिथे बाजारात मिळणारे बटरमिल्क हे विरजण लावून आंबट केलेले दाट दूध असते. आपले पातळ ताक त्या कामाचे नाही. ३०० ग्रॅम घट्ट, किंचित आंबट दही आणि १०० मिलिलिटर पाणी घुसळले की जवळपास तोच दाटपणा मिळतो. त्यात १ किलो कोंबडीसाठी १२ ते १५ ग्रॅम मीठ, म्हणजे सपाट अडीच चहाचे चमचे, २ चमचे लाल तिखट, १ चमचा मिरपूड आणि २ चमचे बारीक वाटलेली आले-लसणाची पेस्ट घालावी. पेस्ट भरड राहिली तर लसणाचे कण तेलात जळून कडू होतात. कातडी काढलेली असेल तर यात एक अंडे फेटून घालावे, म्हणजे पीठ नीट चिकटते.

यातले खरे काम मीठ करते. ते हळूहळू आत शिरते, मांसातील प्रथिनांची घडण थोडी सैल करते आणि त्यामुळे शिजताना ती आकसून पाणी पिळून टाकण्याचे प्रमाण कमी होते. तिखट आणि आले-लसूण बरेचसे पृष्ठभागावरच राहतात. कितीही तास मुरवले तरी त्यांचा स्वाद हाडापर्यंत पोहोचत नाही. दह्यातले आम्ल वरचा थर मऊ करते, पण जास्त वेळ दिला तर तोच थर पिठूळ होतो. म्हणून ८ ते १२ तास उत्तम, ४ तास चालतील, आणि २४ तासांच्या पुढे जाऊ नये. लिंबाचा रस किंवा व्हिनेगर घालणारे वाढीव आंबटपणा घालून वेळ वाचवू पाहतात. त्यात मला अर्थ दिसत नाही. हे भांडे झाकून फ्रीजच्या सर्वांत खालच्या कप्प्यात ठेवावे, म्हणजे चुकून गळले तरी खाली दुसरे अन्न नसेल.

आवरण

परातीत २५० ग्रॅम मैदा, ७५ ग्रॅम कॉर्नफ्लोअर, १ चमचा बेकिंग पावडर, १ चमचा मीठ, २ चमचे मिरपूड आणि २ चमचे तिखट एकत्र करावे. कॉर्नफ्लोअर म्हणजे मक्याचे पांढरेशुभ्र, बोटांत करकरणारे स्टार्च, भाकरीचे पिवळे मक्याचे पीठ नव्हे. मैद्यातल्या ग्लुटेनमुळे आवरण एकसंध राहते, पण एकट्या मैद्याचे आवरण थोड्या वेळाने चिवट होते. स्टार्चमुळे ते ठिसूळ आणि कुरकुरीत राहते. बेकिंग पावडर तेलात वायू सोडते आणि आवरण हलके होते. मीठ पिठात घालायला विसरू नये. आत मीठ आणि बाहेर अळणी पीठ असा प्रकार झाला की खाणाऱ्याला नेमके काय चुकले ते सांगता येत नाही, पण तो दुसरा तुकडा घेत नाही.

दुकानातल्यासारखे खवल्या-खवल्यांचे आवरण कसे येते, हा नवशिक्यांचा हमखास प्रश्न असतो. मुरवणाचेच ३-४ मोठे चमचे दही या कोरड्या पिठावर शिंपडावे आणि बोटांच्या टोकांनी चोळावे. काही पीठ कोरडे राहते आणि काहीचे ज्वारीच्या दाण्याएवढे, काहीचे वाटाण्याएवढे ओलसर गोळे होतात. हे गोळेच तुकड्यावर चिकटून पुढे खवले होतात.

आता तुकडे मुरवणातून काढावेत, जादा दही निथळू द्यावे, पण पुसू नये. एकेक तुकडा पिठात ठेवून वरून पीठ घालावे आणि तळहाताने दाबावा. नुसते लोळवून चालत नाही, दाबावेच लागते. मांडीच्या घडीत आणि पंखाच्या सांध्यात पीठ गेले का ते पाहावे. मग तुकडा हलकेच झटकून जाळीवर ठेवावा आणि सगळे तुकडे झाले की १५ ते २० मिनिटे तसेच राहू द्यावेत. या वेळात कोरडे पीठ खालचा ओलावा शोषून घेते आणि घट्ट बसते. हात लावल्यावर पीठ बोटाला भुकटीसारखे न लागता चिकट, पापुद्र्यासारखे लागले, की तुकडे तयार आहेत. फ्रीजमधून आलेल्या मांसाचा गारवाही तेवढ्यात थोडा कमी होतो. उरलेले पीठ आणि मुरवण टाकून द्यावे, कारण दोन्हींना कच्ची कोंबडी लागलेली असते.

तेल आणि आच

जाड बुडाची, रुंदीपेक्षा खोली जास्त असलेली कढई किंवा बिडाचे भांडे घ्यावे आणि ते तेलाने निम्म्याहून जास्त कधीही भरू नये, कारण तुकडे टाकल्यावर तेल फेसाळून वर येते. रिफाइंड शेंगदाणा, सूर्यफूल किंवा राइस ब्रॅन यांपैकी कोणतेही तेल चालते. घाण्याच्या शेंगदाणा तेलाला चव छान असते, पण ते लवकर धुरकटते. एवढ्या लांब तळणीसाठी मी ते वापरत नाही.

तुकडे टाकताना तेल १७० ते १७५ अंश सेल्सिअस असावे. चार तुकडे पडताच ते १५० च्या आसपास उतरते, आणि त्यानंतर पूर्ण वेळ १५० ते १६० अंशांच्या दरम्यान राखायचे असते. हेच ते ‘फिकट बदामी’चे रहस्य आहे. १९० अंशांवर पिठाला तीन-चार मिनिटांत रंग येतो आणि आत सगळे कच्चे असते. १३० अंशांवर आवरणातून वाफ जोराने निघत नाही, आणि तिचा बाहेरचा रेटा कमी पडला की तेल आत शिरून तुकडा तेलकट होतो. तेलाचा थर्मामीटर फार महाग नसतो आणि तो घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. तो येईपर्यंत पिठातला एक ओला गोळा तेलात टाकून पाहावे: तो तळाशी बसून राहिला तर तेल थंड आहे, टाकताक्षणी वर येऊन तांबडा झाला तर फार गरम आहे, आणि खाली जाऊन तीन-चार सेकंदांत बुडबुड्यांसह वर आला तर योग्य आहे. भज्यांच्या तेलाच्या सवयीने गेलेला हात इथे नेहमी पुढेच जातो, म्हणून धूर दिसेपर्यंत कधी थांबू नये.

पहिल्या घाण्यात फक्त तंगड्या आणि मांड्या घ्याव्यात. तुकडा चिमट्याने धरून आपल्यापासून दूरच्या दिशेने तेलात सोडावा, म्हणजे शिंतोडा अंगावर येत नाही. चारही तुकडे पडले की आच मोठी करावी आणि दोन मिनिटांनी पुन्हा मध्यम करावी. ही पहिली दोन मिनिटे झारा बाजूला ठेवावा. आवरण तेव्हा ओले असते आणि ढवळणाऱ्याच्या झाऱ्याला ते सोलून येते. कढईच्या तळाशी जळकी भुकटी आणि वर उघडी कोंबडी दिसली तर दोष बहुतेक या घाईचा असतो. त्यानंतर दर तीन मिनिटांनी तुकडे पालटावेत. तंगड्या-मांड्यांना १२ ते १५ मिनिटे लागतात, छातीच्या तुकड्यांना १० ते १२, आणि पंखांना ८ ते ९.

या वेळात कान उघडे ठेवावेत. तुकडे पडताच तेल जोराने चरचरते आणि मोठे बुडबुडे उसळतात, कारण आवरणातले पाणी वाफ होऊन धडपडत बाहेर पडत असते. जसजसे पाणी कमी होते तसतसा तो आवाज खाली येतो, बुडबुडे बारीक आणि विरळ होतात, आणि शेवटी कढईतून मंद, सलग सळसळ तेवढी ऐकू येते. आवाज उतरला, की आता रंग झपाट्याने गडद होणार हे ओळखून कढईपाशी उभे राहावे. पंधरा-वीस घाणे झाल्यावर घड्याळापेक्षा याच आवाजावर भरवसा बसतो, निदान माझा तरी बसला आहे.

शिजले की नाही हे रंगावरून ठरवू नये. मांसात टोचण्याच्या थर्मामीटरचे टोक सर्वांत जाड भागात, हाडाला न लावता खुपसावे. ७४ अंश दिसले की कोंबडी खाण्यास सुरक्षित असते. छाती तिथेच थांबवावी, पण तंगडी-मांडीला मी ८० ते ८२ अंशांपर्यंत जाऊ देतो, कारण त्यांतले चिवट स्नायुबंध त्यानंतरच मऊ होतात. थर्मामीटर नसेल तर सुरीने हाडापर्यंत चीर द्यावी: रस स्वच्छ असावा आणि मांस हाडापासून सहज सुटावे. कोवळ्या ब्रॉयलरची हाडे सच्छिद्र असतात आणि त्यांतल्या मगजाचा रंग भोवतालच्या मांसात उतरतो, त्यामुळे पूर्ण शिजल्यावरही, विशेषतः कोंबडी गोठवलेली असेल तर, हाडालगत तांबूस-काळपट डाग दिसू शकतो. तो कच्चेपणा नव्हे. मात्र मांसच गुलाबी, ओशट आणि चकाकणारे असेल तर ते कच्चेच समजावे. रंग आला आणि आत कच्चे निघाले, तर तुकडे १६० अंशांच्या ओव्हनमध्ये जाळीवर ८ ते १० मिनिटे ठेवले की डाव सावरतो. मला तेव्हा हे ठाऊक असते तर तो रस्सा करावा लागला नसता.

काढलेले तुकडे कागदावर रचून ठेवू नयेत. खालच्या बाजूने वाफ निघत राहते, ती कागद आणि तुकडा यांच्यात कोंडते आणि पाच मिनिटांत तळ मऊ पडतो. ताटावर जाळी ठेवून तिच्यावर तुकडे सुटे मांडावेत, झाकू नयेत, आणि वाढण्यापूर्वी पाच-सात मिनिटे थांबावे. दुसरा घाणा टाकण्याआधी झाऱ्याने तेलातला चुरा काढून घ्यावा आणि तेल पुन्हा १७० अंशांवर येऊ द्यावे. घाई इथेही नडते.

तेलाने चुकून पेट घेतला तर गॅस बंद करावा, घट्ट झाकण ठेवावे आणि भांडे हलवू नये. पाणी कधीही ओतू नये. ते तळाशी जाऊन क्षणात वाफ होते आणि पेटते तेल सगळीकडे उडवते.

वापरलेले तेल थंड झाल्यावर गाळून, बंद बाटलीत, अंधाऱ्या जागी ठेवावे. आणखी एक-दोनदा तळण्यासाठी ते चालते. खाद्यसुरक्षा प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून तळणीच्या तेलातील ध्रुवीय संयुगांची मर्यादा २५ टक्के ठरवली आहे, पण घरी ते मोजता येत नाही. तेल काळसर आणि दाट झाले, वास उतरला, किंवा पूर्वीपेक्षा लवकर धूर येऊ लागला की ते टाकून द्यावे. सिंकमध्ये ओतू नये.

हात बसल्यावर करायचे प्रकार

वर दिलेली कृती दोनदा नीट जमली की मग इतर प्रकारांकडे वळावे. खरे तर हाडाची भीती वाटणाऱ्याने सुरुवातच जपानच्या कारागेपासून केली तरी चालेल. त्यात मांडीचे बिनहाडाचे, साधारण चार सेंटिमीटरचे तुकडे सोया सॉस, किसलेले आले आणि लसूण यांत अर्धा तास मुरवतात आणि बटाट्याच्या स्टार्चमध्ये घोळवून तळतात. तुकडे लहान असल्याने आतल्या-बाहेरच्या वेळेचा झगडाच उरत नाही. बटाट्याचे स्टार्च न मिळाल्यास कॉर्नफ्लोअर किंवा आरारूट वापरावे. सोया सॉसमध्ये मीठ भरपूर असते, त्यामुळे वेगळे मीठ घालू नये. क्यूशू बेटावरचे नाकात्सु शहर कारागेसाठी प्रसिद्ध आहे. याच जपानमध्ये १९७४ च्या एका जाहिरात मोहिमेपासून नाताळच्या दिवशी अमेरिकी पद्धतीचे फ्राइड चिकन खाण्याची रीत रुजली, हा जाहिरातीच्या ताकदीचा अजब नमुना आहे.

कोरियाचा तोडगा म्हणजे दोनदा तळणे. पातळ आवरणाचे तुकडे आधी १६० अंशांवर शिजवून घेतात, जाळीवर काही मिनिटे ठेवतात, आणि मग १८५ अंशांवर दोन-तीन मिनिटे पुन्हा तळतात. मधल्या विसाव्यात आतला ओलावा आवरणात येतो आणि दुसऱ्या तळणीत तो निघून जातो, म्हणून गोचुजांग (आंबवलेल्या लाल मिरचीची कोरियन पेस्ट), लसूण आणि साखरेच्या पाकाचा सॉस लावल्यावरही ते बराच वेळ कुरकुरीत राहते. मला स्वतःला सॉस न लावलेले जास्त आवडते, पण दोनदा तळण्याची युक्ती पंखांसाठी कोणत्याही कृतीत उचलावी.

अमेरिकेतच टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिलचे ‘हॉट चिकन’ मराठी जिभेला जवळचे वाटेल. १९३० च्या दशकातली तिथली कथा अशी सांगतात की, थॉर्नटन प्रिन्स नावाच्या गृहस्थांना रात्री उशिरा घरी आल्याची शिक्षा म्हणून त्यांच्या मैत्रिणीने कोंबडीवर भयंकर तिखट ओतले, आणि त्यांना ते इतके आवडले की त्यांनी त्याचे दुकान काढले. कृती सोपी आहे: तळणीचेच ४ मोठे चमचे गरम तेल घ्यावे, ते किंचित निवल्यावर २ मोठे चमचे तिखट, १ चमचा बारीक केलेला गूळ आणि चिमूटभर मीठ त्यात कालवून तळलेल्या तुकड्यांना ब्रशने लावावे. उकळत्या तेलात तिखट टाकले तर ते जळते आणि ठसक्याने घर रिकामे होते. खाली पांढरा पाव आणि वर व्हिनेगरमधली काकडी, अशी तिची मांडणी असते. न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहरात १९६४ मध्ये निघालेले ‘बफेलो विंग्ज’ याहून साधे: पंख पिठाशिवाय तळायचे आणि लोणी व मिरचीच्या सॉसमध्ये घोळवायचे.

इंडोनेशियाची आयाम गोरेंग ही पद्धत मात्र आपल्यासाठी फार मोलाची आहे. जावा बेटावर कोंबडी आधी हळद, धने, लसूण आणि गवती चहा यांच्या पाण्यात, किंवा नारळाच्या पाण्यात, मंद आचेवर शिजवून घेतात आणि पाणी आटल्यावर तळतात. मांस आधीच शिजलेले असल्याने तेलात केवळ रंग आणि खरपूसपणा यावा लागतो. तळण्यासाठी कोवळी कोंबडी लागते असे मी वर लिहिले. गावरान कोंबडी तितकी कोवळी नसते, पण तिच्यासाठी हा मार्ग खुला आहे: तासभर मंद शिजवून, निथळून, वाळवून मग तळली तर ती चिवट लागत नाही आणि ब्रॉयलरला नसलेली चव मिळते.

घरच्या प्रांतातही दोन नमुने आहेत. मुंबईच्या पारशी घरांतला फारचा हा बाकीच्यांच्या उलट क्रमाने होतो: मुरवलेला तुकडा आधी रव्यात किंवा पावाच्या चुऱ्यात घोळवून मग फेटलेल्या अंड्यात बुडवतात आणि थेट तेलात सोडतात. अंडे तेलात पसरून कडेने जाळीदार झालर तयार होते. हे आवरण कुरकुरीत नसते, मऊ असते, आणि तसेच असायला हवे. त्यात खोट काढू नये. अंडे लवकर तांबडे होते म्हणून आच नेहमीपेक्षा मंद ठेवावी. गोव्याची काफ्रियाल कोथिंबीर, हिरवी मिरची आणि आले-लसणाच्या हिरव्या वाटणात मुरवून कमी तेलात परतली जाते. तिचा धागा पोर्तुगिजांच्या आफ्रिकेतील वसाहतींशी जोडला जातो. चेन्नईच्या बुहारी हॉटेलात १९६५ मध्ये सुरू झाल्याचे सांगितले जाणारे ‘चिकन ६५’ बहुतेकांनी खाल्लेले असते, म्हणून त्यावर जास्त लिहीत नाही.

उरलेले तुकडे दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवावेत आणि तीन दिवसांत संपवावेत. परत गरम करताना मायक्रोवेव्ह टाळावा, कारण त्यात आतली वाफ आवरणात भरते आणि ते ओल्या पुठ्ठ्यासारखे होते. १८० अंशांच्या ओव्हनमध्ये किंवा एअर फ्रायरमध्ये जाळीवर १२ ते १५ मिनिटे ठेवावे. दोन्ही नसतील तर तवा मंद आचेवर ठेवून, तेल न घालता, तुकडे पालटत पालटत गरम करावेत. वेळ लागतो, पण कुरकुरीतपणा बराचसा परत येतो.